रंगांध ड्रायव्हर आणि व्हॉट्सॲपवरचे डॉक्टर

नागपूरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘रंगांध माणसाला सगळं काळं-पांढरं दिसतं. त्याला लाल सिग्नल कळत नाही. त्याला लायसन्स मिळूच शकत नाही. खास चष्म्याने हा दोष जातो. असा ड्रायव्हर सापडला की काढून टाका.’

काळं-पांढरं दिसणारे फार विरळा. बहुतेकांचा गोंधळ लाल-हिरव्यात होतो. दोष आईकडून एक्स गुणसूत्रातून येतो, म्हणून पुरुषांतच जास्त.

आता सिग्नल. व्हरायटी चौकात उभे राहा अन् बघा: लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली. रंग नाही कळला तरी जागा कळते. रात्री एकच दिवा लुकलुकत असला की मात्र हा आधार जातो. आणि खरी अडचण वेगळीच आहे, जी मेसेज लिहिणाऱ्याला सुचलीच नाही. या दोषाच्या एका प्रकारात लाल रंग नुसता ओळखू येत नाही असं नाही, तो मंदच दिसतो. वाडीच्या पुढे अमरावती रोडवर, रात्री, पुढच्या ट्रकचे धुळीने माखलेले ब्रेकलाइट अशा ड्रायव्हरला उशिरा जाणवू शकतात. हिरव्याचा दोष असलेल्याला ही अडचण सहसा येत नाही. म्हणजे ‘रंगांध आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. कोणता प्रकार, किती तीव्र, हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कळायला हवं. ठिपक्यांतले आकडे वाचायची इशिहारा चाचणी दोष पकडते, तीव्रता मात्र नीट सांगत नाही.

लायसन्सचं म्हणाल तर जून २०२० मध्ये केंद्राने नियम बदलले. सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना ते मिळू शकतं, तीव्र असेल तर नाही. (रेल्वेच्या लोको पायलटचे निकष कडक आहेत आणि ते तसेच असावेत.)

चष्मा? रंगीत भिंगांनी काही छटांतला फरक उठून दिसतो, दोष जन्माचाच राहतो. गडद भिंग लावून रात्री गाडी चालवणं तर उलट धोक्याचं.

राहिलं ‘काढून टाका’. तेलंगणाच्या एसटी महामंडळाने रंगांधतेमुळे कमी केलेल्या चालकाला दुसरं योग्य काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. खासगी मालकाला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण नोकरी जाण्याची भीती घातली की ड्रायव्हर दोष लपवणार, इशिहाराचे आकडे पाठ करून तपासणीला जाणार, आणि लाल मंद दिसणारा नेमका तोच माणूस रात्रपाळीवर निघणार.