तोरिनोहून, हिमालयाबद्दल

मी नोकरीसाठी इटलीत, तोरिनोला असतो. माझा आतेभाऊ पुण्यात असतो आणि दरवर्षी हिमालयात जातो. मध्यंतरी घरच्या ग्रुपवर मी वित्तोरियो सेल्ला या इटालियन छायाचित्रकाराने 1909 साली काढलेला बाल्तोरो हिमनदीचा फोटो टाकला. त्यावर त्याने लिहिलं, "गोऱ्यांनी आपले डोंगर मोजले ते बळकावायला. हिमालय आपला आहे, त्यांचं कौतुक कशाला?" खाली बाकीच्यांचे अंगठे. मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

बाल्तोरो आहे हिमालयाला लागून असलेल्या काराकोरम रांगेत. तिथे इटलीच्या हाती लागण्यासारखं होतं तरी काय? वरचा अंमल इंग्रजांचा होता. सेल्ला ज्याच्या मोहिमेत होता तो इटलीच्या राजघराण्यातला आब्रुत्सीचा ड्यूक के-टू शिखर चढायला आला, ते जमलं नाही. चोगोलिसा या जवळच्या शिखरावर साडेसात हजार मीटरच्या आसपास पोचून तो परत फिरला. राजघराण्याची ऐट त्यात होती, नाही कशाला म्हणू? पण मागे राहिले ते सेल्लाचे फोटो. 2009 मध्ये फाबियानो वेंतुरा हा छायाचित्रकार त्याच जागा शोधत बाल्तोरोवर गेला आणि त्याने तेच फोटो पुन्हा काढले. शंभर वर्षांत तिथलं बर्फ फारसं घटलेलं नाही. आल्प्समधले असेच जोडफोटो बघवत नाहीत. काराकोरमच्या बऱ्याच हिमनद्या जगातल्या इतर हिमनद्यांसारख्या वेगाने आटल्या नाहीत असं आपण आज म्हणतो, ते कुणीतरी तेव्हा नोंद करून ठेवली म्हणून.

1913-14 ची इटालियन मोहीम तर शिखरासाठी नव्हतीच. तिचा प्रमुख फिलिप्पो दे फिलिप्पी पेशाने डॉक्टर. त्याच्याबरोबर दाइनेल्ली आणि मारिनेल्ली हे भूशास्त्र-भूगोलाचे अभ्यासक, गुरुत्वाकर्षण मोजायला लंबक आणि सर्व्हे ऑफ इंडियाची माणसं. अख्खा हिवाळा त्यांनी बाल्टिस्तानातल्या स्कर्दूत काढला. पुढे त्यांनी रिमो हिमनदी पाहिली आणि तिचं कोडं सोडवलं: तिचं काही पाणी श्योक नदीतून सिंधूला मिळून अरबी समुद्रात येतं, काही यारकंद नदीतून उत्तरेला वाळवंटाकडे जातं. एकच बर्फ, दोन दिशा. हे पायी फिरून, थंडीत बोटं गारठवून शोधलेलं आहे. 1930 मध्ये दाइनेल्ली पुन्हा आला, सियाचीनवरून रिमोकडे उतरला आणि मधल्या खिंडीला इटलीचं नाव देऊन मोकळा झाला. ते मलाही खटकतं. आपल्याला सियाचीन म्हटलं की 1984 आणि तिथले जवान आठवतात, आठवलेच पाहिजेत. पण त्या बर्फाला त्याआधीचाही इतिहास आहे.

भावाच्या "कौतुक कशाला?" या प्रश्नाला एका ठिकाणी मात्र माझ्याकडे उत्तर नाही. 1954 मध्ये आर्दितो देसिओच्या नेतृत्वाखाली इटलीने के-टू सर केला, त्या चढाईत हुंझाचा हमाल अमीर मेहदी याने मोहिमेतल्या बोनात्ती या इटालियन गिर्यारोहकाबरोबर आठ हजार मीटरच्या वर तंबूशिवाय रात्र काढली. त्याच्या पायाची बोटं गेली. इथल्या लोकांनी बोनात्तीवर नंतर झालेल्या खोट्या आरोपांवर पन्नास वर्षं वाद घातला. मेहदीचं नाव त्यात ओझरतं येतं. हे मी इथेही बोलतो आणि बोलल्यावर टेबल शांत होतं.

तरीही मोजण्याची चिकाटी यांच्याकडून घ्यावी. गेल्या सप्टेंबरात आल्प्समधल्या ग्रान पारादीसोत एका निवृत्त शिक्षकाबरोबर गेलो होतो. कोमितातो, म्हणजे इटलीतल्या हिमनद्या मोजणारी समिती, तिच्यासाठी तो फुकट काम करतो. एका धोंड्यावर लाल रंगात बाण आणि साल. तिथून टेप ओढत आम्ही बर्फाच्या टोकापर्यंत गेलो. वाटेत आधीच्या सालांचे धोंडे एकामागून एक मागे पडत गेले. आकडा वहीत लिहिताना तो काही बोलला नाही. 1914 पासून हे असं चालू आहे.

आपल्याकडे कोणी करत नाही असं नाही. हिमाचलातल्या छोटा शिग्री हिमनदीवर 2002 पासून मोजमाप होतंय, स्पितीत 2016 पासून हिमांश हे संशोधन केंद्र आहे. हिमालय आपला म्हणणाऱ्या भावाने ही दोन नावं ग्रुपवर कधी घेतली नाहीत, माझं दुखणं ते आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताना तो लोबुचेवरून गेला. तिथून जवळच 5050 मीटरवर इटालियनांनी 1990 मध्ये उभारलेली पिरॅमिड प्रयोगशाळा आहे. वाट वाकडी करून त्याने ती पाहिली नाही.

आता माझं. इथल्या क्लबात मला सगळे हिमालयाबद्दल विचारतात आणि मी घरचं असल्यासारखं सांगतो. मी साताऱ्याचा. माझा डोंगर म्हणजे अजिंक्यतारा, काळा कातळ आणि पावसाळ्यातलं धुकं. बर्फाला पहिल्यांदा हात लावला तो इथे, नोकरीला आल्यावर. पुण्यात मी इटालियनांचा वकील आणि इथे हिमालयाचा वारस, दोन्ही माझ्यावर इतरांनी घातलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर दोन्ही मला हवं असतं. भावाचा "आपला" हा शब्द म्हणूनच लागला असेल. त्यात मी आहे की नाही, हे त्याने सांगितलेलं नाही.

पण वाद तेवढ्यावर सोडणार नाही. पुण्या-मुंबईचे गिर्यारोहण क्लब दर हंगामात उत्तराखंड-हिमाचलात जातात. प्रत्येकाने एक हिमनदी निवडावी, एक धोंडा ठरवावा आणि दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, तारखेसह एक फोटो काढून जपून ठेवावा. भावाच्या क्लबाला मी हे लिहून पाठवलंय. उत्तराची वाट पाहतोय.