दोन स्टारच्या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार मॅडम, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की स्किन बूस्टर (त्वचेला ओलावा, तजेला यावा म्हणून देतात ते इंजेक्शन) घेतल्यावर दोन्ही गालांवर मच्छर चावल्यासारख्या गाठी आल्या, उजवीकडे निळा डाग पडला तो घरच्या हळदीत कन्सीलरने झाकावा लागला, ग्लो काही आला नाही, दुसरं सिटिंग लवकर द्या म्हटलं तर आम्ही नाही म्हणालो आणि घोडबंदरला एका पार्लरमध्ये हेच इंजेक्शन निम्म्या पैशात मिळतं. तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलते, फाईलमधलं काही इथे चारचौघांत मांडणार नाही.

गाठींचं आधी. स्किन बूस्टर म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडचं (त्वचेत मुळातच असतं, पाणी धरून ठेवतं ते) जेल आहे, २ मिलीची सिरिंज, चेहऱ्याच्या एकेका बाजूला ५ पॉइंट, प्रत्येक पॉइंटला ०.२ मिली, तेही त्वचेच्या लगेच खाली. मग फुगवटा दिसणारच ना, उलट अजिबात नाही दिसला तर सुई खोल गेली की काय असं मला वाटतं. साधारण दिवसभरात बसतो तो. निळा डाग म्हणजे सुईने बारीक रक्तवाहिनीला धक्का लागून रक्त साकळतं, मग निळ्याचं हिरवट, पिवळं होत आठवड्या-दीड आठवड्यात जातं. ॲस्पिरिन, फिश ऑइल चालू असेल तर जास्त उमटतं, म्हणून ते आधी विचारतो (हार्टसाठीची गोळी मात्र कोणी मनाने बंद करू नका, प्लीज). आणि म्हणूनच फंक्शनच्या किमान दोन आठवडे आधी या असं सगळ्यांना सांगतो, लग्नसराईत तर हे सांगून सांगून रिसेप्शनवरच्या मुलीचा घसा बसतो.

ग्लोचं म्हणाल तर हे फेशियल नाहीये, की करून आलात आणि संध्याकाळी फोटो. दोन सिटिंग, मध्ये ४ आठवडे, आणि खरा फरक दुसऱ्यानंतर दिसतो. लवकर देऊन माझं काय जातं, पैसे लवकरच मिळतील, पण तुमच्या त्वचेला तेवढा वेळ लागतो त्याला मी काय करू.

आता पार्लर. तिथल्या ताईंचा थ्रेडिंगचा हात छानच असेल, मीही पार्लरलाच जाते, पण सुई डॉक्टरनेच धरायची. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा पांढरी पडते, प्रचंड दुखतं, वेळेत उपाय नाही झाला तर तेवढा भाग काळा पडून मरतो आणि डोळ्याकडची नस बंद झाली तर नजरही जाऊ शकते. फार क्वचित होतं, पण झालं तर जेल विरघळवणारं औषध, हायलुरोनिडेज, त्या क्षणी हाताशी हवं, आणि ते कुठे किती टोचायचं हे कळणारं माणूसही. आमच्याकडे सीलबंद बॉक्स पेशंटसमोर उघडतो, बॅच नंबरचा स्टिकर तुमच्या कार्डवर चिकटवतो. निम्म्या पैशातल्या बॉक्सवर काय लिहिलंय ते एकदा वाचून या आणि मला पण सांगा.

पार्किंग मिळत नाही म्हणालात ते खरंय, गोखले रोडवर आम्हालाही मिळत नाही, स्टेशनकडून चालत आलेलं बरं.

उघडलेल्या सिरिंजचा रिफंड होत नाही हे फॉर्मवर आहे. फॉलोअपचे पैसे नाहीत, दुसऱ्या सिटिंगच्या तारखेआधी एकदा येऊन जा, पहिल्या दिवशीचा फोटो त्याच लाईटमध्ये शेजारी ठेवून बघू, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणा.