जायचं कुठंच नाही, बसा

माझ्या नवऱ्याला जुन्या बसगाड्यांचं वेड आहे. इंग्लंडात या वेडावर कुणी औषध शोधत नाही, उलट उन्हाळ्यात रविवारी त्याची जत्रा भरते. ग्लॉस्टरशायरमधल्या एका खेड्यात चर्चमागच्या मैदानावर निवृत्त माणसं घासूनपुसून लख्ख केलेल्या गाड्यांभोवती फिरतात आणि हिरव्या रंगाची छटा मूळचीच आहे का यावरून हमरीतुमरीवर येतात.

यंदा सासरे आले होते. अण्णा साताऱ्याकडे एसटीत कंडक्टर होते. त्यांना घेऊन बेडफर्ड ओबी नावाच्या जुन्या बसमध्ये बसायचं ठरलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

गाडी देखणी, हे मान्य. फुगीर नाक, २९ सीट, ड्युपल कंपनीची बॉडी, पत्र्याखाली लाकडी सांगाडा. महायुद्धानंतर खेड्यापाड्यातल्या छोट्या मालकांनी अशा गाड्या घेतल्या. बऱ्याचदा मालकच ड्रायव्हर. बाजाराच्या दिवशी बायका, टोपल्या, पार्सलं, सगळं एकाच गाडीत कोंबायचं.

"ही कुठली गाडी?" अण्णांनी विचारलं.

"कुठलीच नाही. चक्कर मारून इथंच येते."

"मग माणसं बसतात कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मला लग्न झाल्यापासून मिळालेलं नाही.

गियरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गियर बदलताना चाकांचा वेग आपोआप जुळवून देणारी सोय, नाही. चढ आला की ड्रायव्हर क्लच दाबणार, न्यूट्रल करणार, क्लच सोडून इंजिन रेस करणार, पुन्हा क्लच दाबून खालचा गियर टाकणार. तेवढ्यात गाडी थांबायला येते आणि गियरबॉक्स केकाटतो. तो आवाज ऐकून सगळी बस डोळे मिटून तृप्त! माझे गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, मागं मोटारींची ही लांबलचक रांग.

अण्णा मात्र ताठ बसले. "डबल क्लच!" १ जून १९४८ ला पुणे-नगर धावलेली पहिली एसटी बेडफर्डच होती, हे त्यांनी शेजारच्या आजोबांना मराठीत सांगितलं. आजोबांनी इंग्रजीत मान डोलावली.

एवढ्यात हौशी कंडक्टर आला. तिकिटाला भोक पाडायचा पंच दाबला की घंटी वाजायची, मग त्या प्रवाशाशी हवापाण्याच्या गप्पा, मग पुढचं तिकीट. अण्णांना बघवेना. "अशानं स्टँड येईल, तिकिटं व्हायची नाहीत." उठले, त्याच्या हातून पंच घेतला, दांडीवर टकटक केलं आणि गरजले, "चला, पुढं सरका, मध्ये जागा आहे!" सगळे बसलेले होते. तरी दोघं-तिघं सरकले.

उतरताना त्या मंडळींनी अण्णांना पुढच्या जत्रेचं आमंत्रण दिलं. रात्रीच साताऱ्याला फोन गेला. भाचा येणार होता, त्याच्या बॅगेत खाकी कपडे, बिल्ला आणि पत्र्याची तिकीटपेटी टाकायची. वजन जास्त झालं म्हणून माझा कांदा-लसूण मसाला तेवढा काढून ठेवलाय.