लडाखला जायचंय म्हणून टाकी बदलू नका

उन्हाळा लागला की सातारा-सांगलीकडच्या बायकर मंडळींच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. लांबलचक आहे, पण सार एवढंच: अ‍ॅडव्हेंचर टूरिंगची, म्हणजे खडबडीत रस्त्यांवरून लांबच्या प्रवासाची, मोटरसायकल घेतली की पहिला खर्च मोठ्या पेट्रोल टाकीवर करा. लडाखच्या वाटेवर ३६५ किलोमीटर पंप नाही, कंपनीची टाकी तिथे पुरत नाही. परदेशी गाड्यांना ३० लिटरच्या टाक्या असतात त्या काय उगाच? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, वाढलेलं वजन कळतही नाही. टाकी बसवणं म्हणजे चार बोल्टांचं काम. कॅन बांधून नेणं बेकायदा. आणि स्वस्त राज्यात फुल्ल करत गेलं की टाकीचे पैसे वसूल.

यातल्या बहुतेक वाक्यांत थोडंथोडं खरं आहे, म्हणून तर मेसेज इतका चालतो. उरलेलं किती खरं, ते एकेक करून बघू.

३६५ किलोमीटरची पाटी खरी आहे. मनालीहून लेहला जाताना तांदीला, चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमाजवळ पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगणारी तिथली पाटी किती जणांच्या डीपीवर चढली असेल देव जाणे. लेहच्या पस्तीसेक किलोमीटर अलीकडे कारूला पंप आहे, म्हणजे खरं अंतर पाटीपेक्षा कमीच भरतं. पण राहू दे, पूर्ण ३६५ धरू. सामान लादलेलं, चढाचा रस्ता, पहिला-दुसरा गिअर, त्यामुळे मायलेजही कमीच धरू. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० या मोटरसायकलची टाकी १७ लिटरची. लिटरला २५ धरले तरी ४२५ किलोमीटर. एक्सपल्स २०० ची १३ लिटर. ३३ धरले तर ४२९. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची साडेचौदा; २५ ने ३६२, काठावर. व्ही-स्ट्रॉम एसएक्सची १२. ३० ने ३६०, तीही काठावर. बीएमडब्ल्यू जी ३१० जीएसची ११ लिटर. २८ ने ३०८. ही कमी पडते, आणि कमी पडते ती दोन लिटरने. वाट चुकणं, उलटा वारा, रांगेत तासभर चालू राहिलेलं इंजिन असं सगळं पोटात घेतलं तरी पाच लिटर हाताशी असले की कोणत्याही गाडीचा प्रश्न मिटतो. तूट पाच लिटरची, आणि मेसेज उपाय सांगतोय बारा-पंधरा लिटरचा.

मुळात टूर किती हजार किलोमीटरची आहे यावर टाकी ठरतच नाही. ती ठरते तुमच्या वाटेवरच्या दोन पंपांमधल्या सगळ्यात मोठ्या अंतरावर. साताऱ्यातून निघून पुण्याकडे वळा नाहीतर कोल्हापूरकडे, महामार्गावर पंप चुकवायचा म्हटलं तरी चुकत नाही. आडवाटेचं म्हणाल तर कास-बामणोली जाऊन परत येणं शंभराच्या आत. पाटणवरून कोयनानगर, पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथेही कुठल्याच टाकीला घाम फुटत नाही. सांगलीकरांनी जत-आटपाडीचा माळ पालथा घातला तरी तेच. वर्षातले साडेअकरा महिने गाडी या रस्त्यांवर चालणार आणि टाकी मात्र उरलेल्या पंधरा दिवसांतल्या एका टप्प्यासाठी घ्यायची, हा हिशेब मला पटत नाही. आपल्यापैकी कित्येक जण तर गाडी मिरजेहून किंवा पुण्याहून रेल्वेने वर पाठवतात. पार्सलला टाकताना टाकी आधी रिकामी करून द्यावी लागते, मग ती केवढीही असो.

आता परदेशी गाड्यांचा दाखला. बीएमडब्ल्यूच्या आर १३०० जीएसला १९ लिटरची टाकी आहे आणि तिच्याच अ‍ॅडव्हेंचर आवृत्तीला ३० लिटरची, हे बरोबर. पण ती गाडी लिटरला वीस-एकवीस किलोमीटर जाते. म्हणजे ३० लिटरमध्ये सहाशेच्या आसपास. हिमालयन ४५० महामार्गावर शांतपणे चालवली, लिटरला २८ मिळाले, तर १७ लिटरमध्ये पावणेपाचशेच्या पुढे जाते. टाकीत तेरा लिटरचा फरक, पल्ल्यात मात्र सव्वाशे किलोमीटरचा. मोठं इंजिन पितं जास्त म्हणून त्याला टाकीही मोठी लागते, एवढी साधी गोष्ट आहे. शिवाय कंपनीने ती गाडी ३० लिटर धरूनच आखलेली असते: सस्पेन्शन, सीट, वजनाची वाटणी, सगळं. आपण वरून टाकी चढवतो तेव्हा यातलं काहीच बदलत नाही.

आणि मोठी टाकी आली कुठून तेही बघा. पॅरिस-डकार शर्यत १९७८ च्या डिसेंबरअखेर सुरू झाली. सहारा वाळवंटात पंप कुठून असणार? त्या शर्यतीच्या प्रभावाखाली १९८३ ला यामाहाची एक्सटी ६०० झेड टेनेरे आली, ३० लिटरची टाकी घेऊन. बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एसची पॅरिस-डकार आवृत्ती काढली, तिची टाकी ३२ लिटरची. आज त्याच टेनेरे नावाच्या ७०० सीसी गाडीला किती लिटरची टाकी आहे? सोळा. ज्यांना जास्त हवी त्यांच्यासाठी वर्ल्ड रेड नावाची २३ लिटरची वेगळी आवृत्ती. ज्या कंपनीने वाळवंटी टाकीची हवा निर्माण केली तिनेच नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी टाकी जवळजवळ निम्म्यावर आणली, हे मेसेजमध्ये कधी दिसत नाही.

वजनाबद्दल मेसेज आकड्यात बरोबर आणि निष्कर्षात चूक आहे. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे दहा लिटर जास्त म्हणजे साडेसात किलो. वर मोठ्या टाकीच्या पत्र्याचं वजन. दोनशे किलोच्या गाडीला दहा किलो काय जड, असं वाटतं. पण ते कुठे ठेवलंय याला महत्त्व आहे. भरलेली घागर कमरेवर घेणं आणि डोक्यावर घेणं यात पाणी तेवढंच असतं, चालणं वेगळं होतं. महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाताना हे वजन खरंच कळणार नाही, तिथे मेसेजशी माझं भांडण नाही. कळतं ते चालण्याच्या वेगात: यवतेश्वर घाटातल्या वळणावर पुढची एसटी थांबली म्हणून तुम्हीही थांबलात, एक पाय उताराच्या बाजूला टेकवायचाय आणि तो जेमतेम पोचतोय. अर्धी भरलेली मोठी टाकी तर आणखी खोडसाळ. आत आडपडदे नसतील तर ब्रेक मारल्यावर पेट्रोल पुढे धावतं, वळताना बाजूला. आणि खडीवर गाडी आडवी झाली की ती उभी करणारा माणूस एकटा असतो, हे लडाखला जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

लिटरांपेक्षा आकार महत्त्वाचा असतो. केटीएमने ७९० अ‍ॅडव्हेंचरची २० लिटरची टाकी इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवली, ती याचसाठी. बाजारात मिळणाऱ्या किंवा करून घेतलेल्या बहुतेक टाक्या मात्र वर आणि पुढे फुगतात, कारण तिथेच जागा असते. मग गुडघे फाकतात, उभं राहून चालवताना टाकी मांड्यांत धरता येत नाही, हँडल पूर्ण वळवलं की कधी टाकीला घासतं.

‘चार बोल्टांचं काम’ हा मला सगळ्यात घातक मुद्दा वाटतो. तो एके काळी खरा होता. कार्ब्युरेटरच्या बुलेटला टाकीच्या बुडाला एक कॉक, त्याला एक नळी, पेट्रोल आपसूक खाली यायचं. टाकी बदला, नळी जोडा, किक मारा. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत पेट्रोल ढकलणारा छोटा पंप टाकीच्या आत बसतो. तो भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो आणि ठरावीक दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. त्याची बैठक, तिची रबरी रिंग, बोल्टांची जागा हे सगळं अचूक लागतं. बैठक जरा वाकडी झाली तर गळती, आणि ती नेमकी तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर. टाकीचं पोट पंपाच्या तोंडापेक्षा खाली गेलं असेल तर तिथलं पेट्रोल पंपाला मिळतच नाही. पंचवीस लिटर म्हणून घेतलेल्या टाकीतले दोन-तीन लिटर नुसतेच फिरवायचे.

काटाही फसतो. पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता गोळा कंपनीच्या टाकीच्या आकाराला जुळवलेला असतो. आकार बदलला की काटा अर्ध्यावर असताना टाकीत किती आहे हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या चिंतेपायी टाकी घेतली तीच चिंता पुन्हा मानगुटीवर. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचे कडक निकष पाळणाऱ्या) गाड्यांत टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, नेणारी नळी असते. करून घेतलेल्या टाकीला ती सोय नसेल तर लोक नळी नुसती सोडून देतात किंवा बुजवून टाकतात. बुजवली तर टाकीला श्वास घेता येत नाही आणि पंपावर ताण येतो.

कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही. स्टीलचं वेल्डिंग ते डोळे मिटून करतील. पण वेल्डिंगची कीस आत राहिली तर ती पंपाच्या जाळीत जाते, आणि दाबाखाली गळती तपासून टाकी हातात देणारे थोडेच. फायबरची टाकी तर नकोच. आता पेट्रोल पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून गेलेलं असू शकतं. साध्या पॉलिएस्टर रेझिनच्या फायबरला ते मऊ पाडतं, आणि विरघळलेलं रेझिन थेट इंजेक्टरपर्यंत पोचतं. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं. त्यामुळे पावसाळ्यात उभ्या गाडीत पंचवीस लिटर महिना-दीड महिना पडून राहणं मला काही बरं वाटत नाही. वापरात राहील एवढंच भरणं जास्त बरं.

कागदपत्रांचंही थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. घरगुती टाकी यात कशी बसते यावर आरटीओसमोर वाद घालण्याची हौस कोणाला? आणि विमा कंपनीला न कळवता टाकी बदलली असेल, गाडीने पेट घेतला, तर दाव्याचं काय होईल ते तुम्हीच ओळखा.

कॅन बेकायदा असल्याचं मात्र साफ चूक आहे. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना जवळ ठेवता येतं, नेता येतं. अट भांड्याची आहे: घट्ट झाकणाचं, धातूचं, २५ लिटरच्या आतलं. काच किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंतच. बेकायदा आहे ते गोडेतेलाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये किंवा पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेणं, आणि आपल्याकडे नेमकं तेच चालतं. पंपवाले बाटलीत द्यायला नकार देतात ते योग्यच करतात.

पाच लिटरचा धातूचा जेरीकॅन घ्या. भरताना तो जमिनीवर ठेवा, गाडीवर बांधलेला असताना नको. गळ्यापर्यंत भरू नका, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, पॅनिअरच्या (बाजूला लावायच्या सामानाच्या पेटीच्या) खालच्या अंगाला आवळून बांधा, म्हणजे वजनही खाली राहतं. तांदीला भरा आणि टाकीत जागा झाली की पहिल्या चांगल्या सपाटीवर ओतून मोकळे व्हा. वाटेतल्या तंबूंत चढ्या भावाने बाटलीतलं पेट्रोल मिळतं, पण त्यात काय मिसळलंय ते विकणाराच जाणे. घरी परतल्यावर कॅन माळ्यावर जातो. टाकी मात्र रोज बाजारात भाजी आणायलाही तुमच्यासोबत येते.

पैसे वसूल होण्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. समजा मिरज ओलांडून कागवाडला किंवा पुढे गोव्यात लिटरमागे पाच रुपये वाचले. जास्तीच्या दहा लिटरवर वाचले पन्नास. टाकीला किती हजार घातले त्याला पन्नासने भागा आणि तितक्या वेळा सीमा ओलांडा.

मोठी टाकी कोणालाच नको असं मी म्हणत नाही. अकरा-बारा लिटरची गाडी आहे, झंस्कार-स्पितीच्या आतल्या वाटांवर दर वर्षी जाणं आहे, मागे बसणाऱ्यामुळे कॅन बांधायला जागा नाही, अशा माणसाने जरूर घ्यावी. पण त्याच मॉडेलसाठी बनवलेली, मूळ पंप आणि कॅनिस्टरची नळी जशीच्या तशी बसणारी, पाचेक लिटरच वाढवणारी. बसवल्यावर काट्यावर विश्वास टाकू नका. पूर्ण रिकामी करा, एकेक लिटर मोजून घाला आणि काटा कधी कुठे सरकतो ते कागदावर लिहून टाकीवरच चिकटवा. मग सामान बांधून, मागे माणूस बसवून, एकदा महाबळेश्वर चढून पसरणी घाटाने वाईला उतरा आणि लिटरला किती पडतं ते काढा. तुमच्या गाडीचा खरा आकडा तोच. ३६५ ला त्याने भागा, आणि जे उत्तर येईल त्यात तीन लिटर मिळवा. तेवढं पेट्रोल सोबत असलं की झालं.