चिठ्ठी टाकून ऑफिस येत नसतं, मामा

गेल्या आठवड्यात देवगडला गेले तर मामाने खळ्यात बसल्या बसल्या फोन पुढे केला. "हापिस येतला म्हणतत, खरा काय?" तो फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचं ठरवल्यावर (तेच ते ब्रेक्झिट) युरोपने औषधांचं मोठं सरकारी ऑफिस, युरोपियन मेडिसिन्स एजन्सी, लंडनमधून उचललं आणि सरळ चिठ्ठी टाकून अ‍ॅमस्टरडॅमला दिलं, 900 माणसं एका झटक्यात शिफ्ट, तिथल्या लोकलना हजारो नोकऱ्या, जुन्या जागेचा एक पैसा भुर्दंड नाही. आणि शेवटी खरी मेख: दिल्लीतलं एक मोठं ऑफिस आता असंच चिठ्ठीने कोकणात येणार, रस्त्यालगतचे प्लॉट आत्ताच बुक करा. असले मेसेज मी वाचतही नाही, पण मामाने 51 हजार इसार देऊन टाकलाय, म्हणून हे लिहायला बसले.

चिठ्ठी निघाली हे खरंय, नाइलाजाने मान्य. 20 नोव्हेंबर 2017 ला ब्रसेल्समध्ये युरोपियन युनियनच्या देशांचं मतदान झालं, पहिल्या दोन फेऱ्यांत इटलीतलं मिलान पुढे होतं, तिसऱ्या फेरीत एका देशाने मतच दिलं नाही आणि मिलान-अ‍ॅमस्टरडॅम 13-13 वर अडकले, तेव्हा चिठ्ठी काढली. पण त्याआधी 19 शहरांनी अर्ज केले होते, इमारत वेळेत तयार होणार का, विमानं किती, पोरांना शाळा, नवरा-बायकोला नोकरी, काम खंडित होणार नाही ना, असे सहा निकष होते, ते फॉरवर्डमध्ये कुठे गेले? आपल्याकडे ग्रामपंचायतीला दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठीच काढतात ना, म्हणून निवडणूक झालीच नाही असं कोण म्हणतं का?

आता तो "900 माणसं झटक्यात" प्रकार. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण मतदानाच्या दोन महिने आधी, सप्टेंबर 2017 मध्ये, त्या एजन्सीनेच आपल्या स्टाफला विचारलं होतं की कुठल्या शहरात याल. काही शहरांसाठी 30 टक्क्यांपेक्षाही कमी लोक तयार होते, आणि एजन्सीने स्वच्छ सांगितलं की तिथे पाठवलंत तर ऑफिस चालणारच नाही. अ‍ॅमस्टरडॅमला यायला बहुतेक जण तयार होते, तरी 2018 मध्ये गळतीचा अंदाज 30 टक्क्यांवर गेला आणि बरीच कामं तात्पुरती गुंडाळून ठेवावी लागली. मार्च 2019 मध्ये गेले ते पण आधी अ‍ॅमस्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागातल्या तात्पुरत्या बिल्डिंगमध्ये, झुइडास भागातली पक्की इमारत मिळाली जानेवारी 2020 ला. झटका म्हणे.

भुर्दंड नाही? लंडनच्या कॅनरी व्हार्फमधल्या जागेचा करार 2039 पर्यंतचा, मधेच सोडायची सोय नाही, एकूण भाडं 50 कोटी पौंडांच्या घरात. ब्रेक्झिटमुळे करार मोडला असं धरा म्हणून कोर्टात भांडले, फेब्रुवारी 2019 मध्ये हरले, शेवटी जागा पोटभाड्याने द्यावी लागली.

लोकल नोकऱ्यांचं तर बोलूच नका. तिथली भरती सगळ्या युरोपातून होते, डॉक्टर, फार्मासिस्ट, स्टॅटिस्टिक्सवाले, वर देशोदेशीचे तज्ज्ञ सारखे मीटिंगला येणार. त्यांना शेकडो खोल्या लागतात आणि रोजची विमानं लागतात. आमच्याकडे मे महिन्यात गणपतीपुळ्याला खोली मिळत नाही, चिपीचं विमान आज आहे तर उद्या नाही, आणि मुंबई-गोवा हायवेवर मी काही बोलत नाही, माझा बीपी वाढतो. कोकणात काही येऊच नये असं नाही हां, यावं, जरूर यावं, पण रस्त्यालगतच्या प्लॉटने ते येत नाही.

प्लॉटचंच सांगायचं तर नाणारच्या वेळी काय झालं ते आमच्या भागाने बघितलंय. रिफायनरी येणार म्हटल्यावर बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या आणि 2019 ला भूसंपादनाची अधिसूचनाच रद्द झाली. इथे तर अधिसूचना सोडा, फॉरवर्डमध्ये ऑफिसचं नावसुद्धा नाही. मामाला दाखवलेल्या सातबाऱ्यावर 22 नावं आहेत, त्यातली सहा मुंबईला, दोन वारलेली, वारसनोंद झालेली नाही. एजंट म्हणतो "होऊन जाईल."

मामाला हे सगळं खळ्यातच वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पण चिठ्ठी काढली ती खरी मा?" खरी रे बाबा, पण त्यात देवगड नव्हतं. सोमवारी आम्ही दोघं इसार परत मागायला जातोय. पावती काढून बघितली तर 'कशापोटी' लिहायची जागा कोरी, नुसती रक्कम आणि एक सही, तीपण वाचता न येणारी.