इलेक्ट्रिक गाडीचा पितृपक्ष

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं नक्की झालंय ना? उत्तम. अभिनंदन. आता ती घेऊ नका.

दचकू नका, मी पेट्रोलपंपवाल्यांचा माणूस नाही. उलट या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे. जानेवारी 2020 पासून मी इलेक्ट्रिक गाडी घेतोय. 'घेतली' नाही म्हणालो, 'घेतोय' म्हणालो. हा फरक ज्याला कळला त्याला पुढचं वाचायची गरज नाही, पण तुम्ही नवखे दिसता, म्हणून सांगतो.

गाडी कधी घ्यावी हे पूर्वी सोपं होतं. साडेतीन मुहूर्त. (त्यातला अर्धा कुठला, यावर आमच्या घरात अजून वाद आहे.) शोरूमला झेंडूचं तोरण, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली एकेक लिंबू. फच्च असा आवाज आला की गाडी तुमची. न घेण्याचे दिवस म्हणजे फक्त पितृपक्षाचा पंधरवडा. इलेक्ट्रिक गाडीचं पंचांग वेगळं आहे. इथे पितृपक्ष बारमाही. कारण केव्हाही पाहा, कुठली तरी बॅटरी नुकतीच वारलेली असते आणि तिच्या जागी येणारी अजून जन्मायची असते. अशा सुतकात शुभकार्य करायचं नसतं.

आमच्या समोरच्या विंगमधल्या काकांना हे पटलं नाही. 28 जानेवारी 2020 ला टाटांची नेक्सॉन इव्ही बाजारात आली. 30.2 युनिट वीज मावणारी बॅटरी, एका चार्जिंगवर कागदावर 312 किलोमीटर. काकांनी लगेच बुक केली आणि डिलिव्हरी पाडव्याला मागितली. त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. मला त्यात स्वच्छ ईश्वरी संकेत दिसला. काकांना दिसला नाही. त्यांनी दसऱ्याला गाडी आणली, लिंबं चिरडली, आणि सोसायटीभर पेढे वाटले. मीही एक घेतला आणि म्हणालो, "घाई केलीत, काका."

मे 2022 मध्ये त्याच गाडीची 'मॅक्स' आली. बॅटरी 40.5, रेंज 437. मी काकांना बातमी पाठवली, खाली फक्त एक स्मितहास्य. सप्टेंबर 2023 मध्ये चेहरा बदलला आणि तेवढ्याच बॅटरीवर आकडा 465 झाला. पुन्हा बातमी, पुन्हा स्मितहास्य. सप्टेंबर 2024 मध्ये 45 युनिट आणि 489. दर वेळी मी बरोबर ठरलो. इतक्या वेळा बरोबर ठरलेल्या माणसाने गाडी घेऊन स्वतःचा विक्रम का मोडावा, सांगा?

तर पहिली गोष्ट, शोरूममध्ये जरूर जा. एसी चांगला असतो, चहा मिळतो. तिथला मुलगा टेस्ट ड्राइव्हचं विचारेल, तोंडावर 'हो' येईल, पण गाडीत बसू नका. एकदा त्या गाडीने सिग्नलवरून आवाज न करता उडी घेतली की भल्याभल्यांचा संयम सुटतो. त्याऐवजी मान किंचित तिरपी करून विचारा, "एलएफपी की एनएमसी?" (या लिथियम बॅटरीच्या दोन जाती.) तो एलएफपी म्हणाला, तर म्हणा, "म्हणजे जड." एनएमसी म्हणाला, तर म्हणा, "म्हणजे उन्हाळ्यात नाजूक, आणि आयुष्य कमी." दोन्ही विधानांत तथ्य आहे, त्यामुळे तो गडबडेल. मग शेवटचा बाण: "लिथियमऐवजी सोडियमवाली बॅटरी कधी येतेय? चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने तर 2021 मध्येच दाखवली." तो 'सरांना विचारून येतो' म्हणून आत जाईल. तेवढ्यात चहा संपवा आणि निघा.

सोडियमनेही भागलं नाही तर सॉलिड स्टेट, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली बॅटरी, आहेच. थांबणाऱ्यांच्या पंढरीतला हा विठोबा. टोयोटाने 2017 मध्ये सांगितलं होतं की अशा बॅटरीची गाडी 2020 नंतर लवकरच आणू. 2023 मध्ये सांगितलं, 2027-28. मला यात तक्रारीसारखं काही दिसत नाही. विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे, आपण आणखी काही वर्षं उभे राहू.

थांबण्याचं शास्त्र खरं पाहायचं तर टेस्लाकडे पाहा. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढच्या प्रत्येक गाडीत पूर्णपणे स्वतः चालण्यासाठी लागणारं सगळं हार्डवेअर आहे, फक्त सॉफ्टवेअर यायचंय. 2019 मध्ये नवा, तिसऱ्या पिढीचा कॉम्प्युटर आला, कारण आधीच्यात ते सगळं नव्हतं. 2023 मध्ये चौथी पिढी आली. आणि जानेवारी 2025 मध्ये खुद्द मस्कसाहेबांनी कबूल केलं की तिसऱ्या पिढीवाल्यांनी जर त्या सुविधेचे पैसे मोजले असतील तर त्यांचा कॉम्प्युटर बदलून द्यावा लागेल. पुढची चिप 2025 च्या उत्तरार्धात येणार होती, ती आता 2027 च्या गप्पा मारते. म्हणजे ज्याने घेतली तो फसला, आणि ज्याने नाही घेतली तो अजून शाबूत आहे.

आपल्याकडच्या लोकांची निष्ठा तर याहून थोर. 2016 मध्ये मॉडेल 3 साठी भारतातून हजार-हजार डॉलर भरून नावं नोंदवली गेली. मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम उघडलं 15 जुलै 2025 ला, आणि तिथे विकायला होती मॉडेल वाय, जवळजवळ साठ लाखांना. नऊ वर्षं थांबून स्थळ आलं ते धाकट्या बहिणीचं, आणि हुंडा तिप्पट.

रेंजच्या बाबतीत एक सूत्र पाठ करा. कुणी विचारलं, "रोज किती चालते?", तर उत्तर देऊ नका. खरं उत्तर कोथरूड ते हिंजवडी आणि परत, म्हणजे चाळीसेक किलोमीटर, त्यातलं निम्मं चांदणी चौकात उभं राहून. एवढ्याला काकांची पाच वर्षं जुनी गाडीही चार दिवस न चार्ज करता पुरते. म्हणून प्रश्न फिरवा. म्हणा, "पण गणपतीत गुहागरला जायचं झालं तर?" गुहागरला आम्ही शेवटचे 2018 मध्ये गेलो होतो. तरीही गाडी निवडायची ती त्या प्रवासासाठीच. वर्षाचे 364 दिवस तुम्ही काय करता हा तुमचा खाजगी प्रश्न आहे. घाट चढताना बॅटरी भराभर उतरते हे जरूर सांगा. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून काही चार्ज परत भरते, हे सांगण्याची सक्ती नाही.

चार्जरबद्दलही साशंक राहा. 2017 च्या सुमारास सरकारने 'भारत डीसी-001' नावाचं 15 किलोवॅटचं मानक काढलं, ठिकठिकाणी पेट्या बसल्या, आणि पुढे गाड्या आल्या त्या वेगळ्या प्लगच्या. तेव्हा प्लगचीसुद्धा दोन-तीन पिढ्यांपर्यंत वाट पाहिलेली बरी. घरचा चार्जर हवा असेल तर सोसायटीच्या सभेत विषय काढा. आमच्याकडे तो 'ऐन वेळचे विषय' या सदरात सलग तीन वर्षं आला, आणि दर वेळी पाण्याच्या टाकीच्या गळतीने त्याला खाल्लं. मला काय, माझी सोयच झाली. "चार्जरच नाही, गाडी कशी घेणार?" हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की काकांनी परस्पर आपल्या मीटरवरून वायर ओढून पार्किंगमध्ये सॉकेट बसवून घेतलं, तेव्हा मला वैयक्तिक विश्वासघात झाल्यासारखं वाटलं.

सरकारी सवलतींचा मोह तर कटाक्षाने टाळा. जुलै 2021 च्या महाराष्ट्राच्या धोरणात पहिल्या दहा हजार चारचाकींना अनुदान होतं, आणि लवकर घेणाऱ्यांना जादाचं धरून ते अडीच लाखांपर्यंत जात होतं. मी म्हटलं, आत्ताच अडीच आहे तर पुढे पाच होईल. पुढे शून्य झालं. ठीक आहे, शून्यातूनच विश्व निर्माण होतं. एप्रिल 2025 च्या नव्या धोरणात द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आली. ती 2030 पर्यंत आहे, म्हणजे घाई नाही. तोवर मी प्रत्येक खेपेला पूर्ण टोल भरतो आणि शेजारच्या लेनमधून जाणाऱ्यांकडे करुणेने बघतो. बिचाऱ्यांच्या गाडीत मागच्या वर्षीची बॅटरी आहे.

आता मुख्य साधन, एक्सेल. माझ्या फाइलमध्ये एकोणीस गाड्या आणि चौतीस रकाने आहेत. बूटस्पेस, ग्राउंड क्लिअरन्स, वॉरंटी, सगळं. एकच रकाना मी लपवलाय. परवा बायकोने लॅपटॉप घेतला आणि नेमका तोच उघडला.

"हे काय आहे रे?"

"काही नाही, जुना हिशेब."

हिशेब असा होता: महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला चौदाचं मायलेज, पेट्रोल 104 रुपये. वजा, घरच्या विजेचे दीड हजार. फरक महिन्याला साडेपाच हजारांच्या वर. गुणिले साठ महिने. तिने आकडा मोठ्याने वाचला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. म्हणून सांगतो, असले रकाने लपवू नका, मुळात मांडूच नका. बॅटरी स्वस्त होण्याची वाट पाहताना किती खर्च झाला हा प्रश्नच अशास्त्रीय आहे. बॅटरी खरंच स्वस्त झाल्यात. 2010 मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर होत्या, 2024 मध्ये 115 वर आल्या. मग, बरोबर कोण? मीच.

मागच्या आठवड्यात माझी गाडी क्लचपायी गॅरेजला होती. काका म्हणाले, "चल, सोडतो." बसलो. सीटचं कव्हर फाटलेलं, डॅशबोर्डवर स्वस्तिकाचं कुंकू अजून एका फटीत अडकलेलं, पडद्यावर 71 टक्के आणि समोर 143 किलोमीटर. एकूण धाव 92 हजार. चांदणी चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. आजूबाजूची सगळी इंजिनं थरथरत होती, आमची गाडी गप्प. त्या शांततेत काका म्हणाले, "अरे, विकायला काढतोय ही. मुलगा मोठी घे म्हणतोय. तुला देतो, घरातलीच आहे. बॅटरीची वॉरंटी 2028 च्या दसऱ्यापर्यंत आहे अजून."

किंमत सांगितली. वाजवी होती. वाजवीपेक्षाही कमीच होती.

मी म्हटलं, "काका, मनापासून आवडली. पण थोडं थांबतो. वॉरंटी संपली की अजून उतरेल ना."