पाण्याचा रंग बघा

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. ताम्हिणी घाटात रस्त्यालगतच्या एका ओढ्यात माझी दोन्ही पोरं घोटाभर पाण्यात खेळत होती. पाऊस नव्हता, उलट छान उघडीप होती. कणसं भाजणारी मावशी टपरीतून उठून पळतच आली. "ओ दादा, पोरं भाईर काढा आदी. पानी येतंय." मी म्हटलं, निघतोच पाच मिनिटांत. तिने माझ्याकडे लक्षही दिलं नाही. धाकटीचा दंड धरला आणि तिला काठावर ओढून आणलं. मला राग आला होता, खरं सांगतो. मग पाण्याकडे नजर गेली. मघाशी तळाचे खडे दिसत होते तिथे आता चहासारखं गढूळ पाणी, वर पाचोळा आणि बारीक काटक्या. दहा मिनिटांत आम्ही बसलो होतो तो दगड दिसेनासा झाला.

"तुला कळलं कसं?" तर म्हणे, "रंग बघा की पान्याचा. वर कोसळतोय."

३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळच्या भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं आपण सगळ्यांनी व्हिडिओत पाहिली. त्याखालच्या 'मस्ती नडली' छापाच्या कमेंटी मला वाचवल्या नाहीत. ताम्हिणीत मावशी त्या दिवशी चहा गाळत बसली असती, तर तसल्याच व्हिडिओत आम्ही असतो.

सह्याद्रीचा कातळ पाणी जिरवत नाही. त्यावर मातीचा थर जेमतेम, आणि जुलैपर्यंत तीही पिऊन तुडुंब झालेली. म्हणजे वर पठारावर पडलेली सर जवळजवळ सगळीच्या सगळी घळीतून खाली येते. ताम्हिणीतल्या प्लस व्हॅली या दरीचं पाणी खाली देवकुंड धबधब्याच्या कुंडात उतरतं. वर ढग फुटलेला असतो आणि खाली कुंडापाशी माणूस उन्हात डबा खात असतो. पाऊस किती? जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत २४ तासांत ५०० मिलिमीटरहून जास्त झाला. पुणे शहराची अख्ख्या वर्षाची सरासरी ७०० ते ७५० च्या घरात आहे.

आणि "मला पोहता येतं" हे तर डोक्यातून काढूनच टाका. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की अंग तरंगतच नाही. त्यात भोवरा. भुशीच्या आदल्याच दिवशी ताम्हिणीत एकाने कुंडात उडी मारली. पलीकडच्या खडकाला हात लागलाही होता, पण तो धरून ठेवता आला नाही.

आपल्याकडे उपाय काय, तर बंदी. दुर्घटना झाली की आदेश निघतो, बॅरिकेड लागतात, दोन रविवार पोलीस उभे राहतात. माणसं पुढच्या वळणावर गाडी लावून दुसऱ्या ओढ्यात उतरतात. अभयारण्यांत, राष्ट्रीय उद्यानांत, जिथे जाल तिथे एकच पाटी: 'पाण्यात उतरणे धोकादायक आहे'. का धोकादायक, कधी, ओळखायचं कसं, काही नाही. त्याच पाटीवर चार ओळी लिहा ना. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहू लागला, आवाज वाढला, उघडा दगड बुडाला, की सामान टाकून तडक वर चढा. नुसतं काठावर थांबू नका, वर चढा.

आणि गावातली दोन माणसं पावसाळ्याचे चार महिने पगारावर ठेवा. गळ्यात शिट्टी, अंगात वन खात्याचं जॅकेट, हाताशी दोर, आणि वर पठारावरच्या गड्याशी बोलायला वॉकीटॉकी, कारण घाटात मोबाईलला रेंज नसते. पार्किंगची पावती फाडायला माणूस मिळतो, तर याला का मिळू नये?

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. मावशी तिथेच होती. मीठ-तिखट लावून कणीस हातात देता देता तिची नजर माझ्या खांद्यावरून ओढ्याकडेच होती. घसा पार बसला होता तिचा. म्हणाली, "सकाळधरनं वरडतीया."